दोराला हात लावायचा नाही

मला लहानपणापासून एक खोड आहे. कुणी काही करताना दिसलं की मी थांबते, बघते आणि विचारते. रत्नागिरीकडच्या आमच्या गावात याला चौकसपणा म्हणत. लग्न होऊन चिंचवडला आले आणि नवऱ्याने त्याचं नाव बदलून ‘नसत्या उठाठेवी’ असं ठेवलं. तो पिंपरीच्या नव्या कारखान्यात शिफ्टला जायचा आणि मी गावातल्या शाळेत शिकवायला लागले होते. स्वातंत्र्य मिळून फार वर्षं झाली नव्हती. चिंचवड आणि पिंपरी ही तेव्हा दोन वेगळी गावं होती आणि मधे चक्क बाजरी पिकायची.

शाळेच्या वाटेवर एका शेताच्या कडेला लांबलचक छप्पर होतं. त्याच्याखाली चार माणसं दोर वळत बसलेली दिसायची. आमच्याकडे नारळाच्या सोडणापासून सुंभ वळतात, ते मी पाहिलेलं होतं. इथे घायपाताच्या वाखाचे, म्हणजे पानांतल्या धाग्यांचे, दोर होते आणि वळणारी चारही माणसं आंधळी होती. मग काय, मी थांबलेच.

‘‘कोन हाय त्ये?’’ छपराच्या त्या टोकाहून एका बाईचा आवाज आला. ‘‘काय इचारायचं असंल तर इचारा. नुसत्या उभ्या ऱ्हाऊ नका. नुसतं उभं ऱ्हायल्यालं माणूस आमाला लई ताप देतं.’’

ही आत्या. सगळं गाव तिला आत्याच म्हणायचं. लहानपणी देवी आल्या आणि जाताना तिचे डोळे घेऊन गेल्या. चेहऱ्यावर वण, अंगाने किडकिडीत, आणि आवाज मात्र फौजदाराचा. चिंचवडच्या जुन्या शेतकरी घरातली ही बाई गावकुसाबाहेरच्या एका म्हातारीकडून दोर वळायला शिकली होती. त्यावरून भावकीत बरीच बोलाचाली झाली होती. आत्याने ती सगळी ऐकून घेतली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या म्हातारीच्या अंगणात जाऊन बसली. पुढे एकेक करून तिने आपल्यासारखी आणखी तीन माणसं गोळा केली.

एक होते पैलवान. भोसरीच्या खाणीत सुरुंग अवेळी उडाला आणि त्यांची दृष्टी गेली, पण दंड तसेच राहिले होते. दुसरे पिंपरीच्या निर्वासित छावणीतले म्हातारे सिंधी गृहस्थ. त्यांना सगळे साईं म्हणत. सिंधमध्ये त्यांचं कापडाचं दुकान होतं. इकडे आल्यावर काचबिंदूने डोळे गेले, पण सौदा करायची हौस काही गेली नाही. चौथी रावेतची एक जन्मांध बाई. ती इतकी कमी बोलायची की कित्येक दिवस मला ती मुकीही आहे असंच वाटत होतं.

मी रोज शाळा सुटली की तिथे जायचे आणि प्रश्न विचारून त्यांना भंडावून सोडायचे. दोर वळताना एक माणूस उलट्या पावलांनी मागे मागे जात पीळ भरतो. मी एकदा करून पाहिलं. पाठीमागे काही नाही हे ठाऊक असूनही दर पावलाला मान वळत होती. आत्या हसली. ‘‘बाई, तुमचं पुढचं येगळं आन् मागचं येगळं. आमाला दोनी सारकंच. ह्यो धंदा द्येवानं आमच्यासाठीच केलाय.’’

पण धंद्याला जागा लागते, आणि तीच जाणार होती. आत्याच्या भावाची जमीन कारखान्यासाठी घेतली गेली. दिवाळी झाली की छप्पर पाडायचं ठरलं होतं. भाऊ वाईट नव्हता. ‘‘तुला काय कमी हाय? घरात बसून खा,’’ असं तो म्हणायचा. आत्याला नेमकी त्याचीच धास्ती होती. छप्पर गेलं की चौघंही आपापल्या घरी परत जाणार आणि घरातल्या एकेका कोपऱ्यात बसणार. पैलवान तर मला उघडच म्हणाले होते, ‘‘बाई, खाणीत डोळं ग्येलं तवा येक डाव मेलो. घरात बसवलं तर दुसऱ्यांदा मरंन.’’

अशात चाकणचा एक कांद्याचा आडत्या दोर बघायला आला. त्याची बाजाराजवळ एक जुनी वखार रिकामी पडली होती. पोती शिवायला आणि बांधायला त्याला बारमाही सुतळी आणि दोर लागायचे. साईंनी त्याला असा घोळात घेतला की वखार राहायला आणि वापरायला देण्यापर्यंत गाडी आली. पण तिथे तो अडला.

‘‘माल चोख आहे. पण उद्या तुमच्यातल्या कुणाला घरी जायचं झालं, दवाखान्यात जायचं झालं, तर दर वेळी माझा गडी हात धरायला पाठवू का? धंदा बंद करावा लागंल मला.’’ मग तो म्हणाला, ‘‘असं करा. येत्या बाजाराला तुमच्या तुम्ही चाकणला या. कुणी हात धरायचा नाही, वाट दाखवायची नाही. दिवेलागणीच्या आत माझ्या दारात आलात तर वखार तुमची. नाहीतर राग मानू नका.’’

‘‘आन् तुमाला कसं कळणार, आमी आमचं आलो का कुनी आणलं?’’ आत्याने विचारलं.

आडत्याने माझ्याकडे बघितलं. मी तिथे असणं ओघानेच आलं. ‘‘या शाळेच्या बाई येऊ देत बरोबर. साक्षीला. पण त्यांनी तोंडातून एक शब्द काढायचा नाही.’’

नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो जेवता जेवता हसायला लागला. म्हणाला, ‘‘ती चौघं चाकणला आरामात पोचतील. पण तू दिवसभर गप्प बसणार?’’ मला राग आला, कारण त्याचं बरोबर होतं.

एसटीने जायचा विचार आत्याने आधीच सोडून दिला होता. मागे एकदा कंडक्टरने ‘बरोबर कोण आहे?’ असं विचारून तिला आणि साईंना खाली उतरवलं होतं. ‘‘माजे पाय मला इचारत न्हाईत बरूबर कोन हाय म्हून,’’ ती म्हणाली. चालत जायचं, आणि तेही नाशिकच्या सडकेने नाही. सडकेवर लष्कराच्या आणि मालाच्या ट्रका धावतात, त्यांच्या घरघरीत बाकी काही ऐकू येत नाही. त्यापेक्षा मोशीपर्यंत माळावरची गाडीवाट बरी. बैलगाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोरीत एक पाय ठेवला की माणूस चुकत नाही. आत्या तरुणपणी त्या वाटेने भावाबरोबर कितीतरी वेळा गेलेली होती.

निघताना तिने आपल्या हाताने वळलेला नवा नाडा काढला. मोटेला लावतात तसला जाड, भरभक्कम दोर. त्याला अंतरा-अंतरावर गाठी मारलेल्या होत्या. पुढे आत्या, हातात काठी; मग साईं, मग रावेतची बाई, शेवटी पैलवान. चौघांच्या हातात तोच दोर. एक हिसका म्हणजे थांबा, दोन म्हणजे खड्डा. पैलवानांच्या मागे दोराचं टोक बरंच लोंबत होतं. मी सहज ते उचलायला गेले.

‘‘बाई, दोराला हात लावायचा न्हाई,’’ आत्या पुढूनच म्हणाली. दोर हातात थरथरला असणार. ‘‘तुमी मनात न आणता बी वडाल. डोळ्याची माणसं वडत्यातच.’’

मला जरा झोंबलं ते. पण मी टोक सोडलं.

भोसरीपर्यंत काही अडलं नाही. सकाळचं ऊन कोवळं होतं, बाजरी कापायला आली होती, आणि मला बोलता येत नसल्यामुळे मी आयुष्यात पहिल्यांदा मुकाट्याने चालत होते. बोलता येत नाही म्हटल्यावर बघायला फार मिळतं. वाटेत बायका कामं टाकून उभ्या राहायच्या आणि बघायच्या. एक म्हातारा तर पैलवानांना सोडून मलाच विचारायला लागला, ‘‘कुटं चालवलंय ह्यास्नी?’’ मी तोंडावर पदर धरला. उत्तर आत्याने दिलं: ‘‘कुनी चालवलं न्हाई. आमी चाललोय. चाकणला. तुमाला यायचं हाय का?’’ वेशीवरच्या लोहाराच्या भात्याचा आवाज आला तसं तिने भोसरी संपल्याचं जाहीर केलं. साईंनी लगेच चहाची मागणी केली आणि ती नामंजूर झाली. मला विचारायचे प्रश्न मनात साठत चालले होते. सावली आली हे यांना अंगावरच्या उन्हाने कळतं की आवाजाने? रावेतची बाई मधेच मान वाकडी करून काय ऐकते? एकही विचारता येत नव्हता. जीव नुसता कासावीस होत होता.

भोसरी सोडल्यावर मोठा माळ लागतो. आता तिथे इमारतींची गर्दी आहे, पण तेव्हा नुसता मुरूम आणि खडक होता. खडकावर गाड्या पांगतात, चाकोरी राहत नाही. आत्याने याचा विचार आधीच करून ठेवला होता. माळावर मोशीच्या पिठाच्या गिरणीची पुकपुक ऐकू येते. त्या इंजिनाच्या धुराड्यावर मालकाने डबा बसवलेला, म्हणजे आवाज लांबवर जावा आणि गिरणी चालू आहे हे पाच गावांना कळावं. त्या आवाजाच्या रोखाने चालत राहायचं, की मोशी आलीच.

आणि पुकपुक आली. आत्याचा चेहरा उजळला. काठी वळली, दोर वळला, चौघं वळली. ती वळली उजवीकडे. मोशीची घरं आणि देवळाचा कळस मला समोर दिसत होता. उजवीकडे खाली नदी होती, हिरवागार ऊस होता, आणि उसाच्या कडेला एका नव्याकोऱ्या ऑईल इंजिनातून धूर निघत होता. कुणा शेतकऱ्याने नवीन इंजिन घेतलं होतं आणि गिरणीवाल्याचं बघून हौसेने तसाच डबा धुराड्यावर बसवला होता. खरी गिरणी बहुधा दुपारच्या भाकरीला थांबली असावी.

बोलले तर अट मोडते. नाही बोलले तर ही माणसं नदीकडे जातात, दिवस वाया जातो आणि दिवेलागण चुकते. म्हणजे दोन्हीकडून वखार जाते. मी एक युक्ती केली. मी खोकले. चांगली जोरात, डाव्या बाजूला तोंड करून खोकले.

दोर थांबला. ‘‘बाई,’’ आत्या म्हणाली, ‘‘खोकला आला असंल तर पाणी प्या. पर माज्या वाटंवर खोकू नका.’’

मी खजील झाले, आणि तितकीच चिडलेही. इतका हट्टीपणा काय कामाचा? थोड्या वेळाने साईंनाही शंका आली. ‘‘आत्या, हवा ठंडी लागते. गिरणी के पास नदी किधर?’’

‘‘गिरणीचं इंजान हाय त्ये. मी वळकीत न्हाई व्हय?’’

तिच्या त्या ठाम आवाजापुढे साईं गप्प बसले. मला तेव्हा पहिल्यांदाच कळलं की आत्या चुकूही शकते, आणि चुकली तरी फौजदारासारखीच चुकते. मी मागून चालत राहिले. माझा एक शब्द पुरला असता आणि तो माझ्या दातांमागे अडकलेला होता. इतकी मोठी चूक इतक्या जवळून, इतक्या मुकाट्याने मी पुन्हा कधी बघितली नाही.

मग ऊस लागला. पानं अंगाला कापायला लागली तेव्हा आत्या थांबली. तिच्या पायांखाली ओल होती. शेतात पाणी सोडलेलं होतं. वळून निघायच्या गडबडीत पैलवान सरीत गेले आणि गुडघ्यापर्यंत रुतले. दोराला हिसका बसला, साईं चिखलात बसले, आत्या पुढून मागे ओढली गेली. इंजिन समोरच पुकपुक करत होतं.

‘‘ऊस तुडवताय व्हय रं!’’ पाणी धरणारा शेतकरी फावडं घेऊन धावत आला. ‘‘दिसत न्हाई का?’’

‘‘न्हाई दिसत,’’ पैलवान चिखलातून शांतपणे म्हणाले.

शेतकऱ्याचं फावडं खाली आलं. आणि तेवढ्यात रावेतची बाई हसायला लागली. आधी हळू, मग खळखळून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. जी कधी बोलायची नाही ती बोलली.

‘‘आत्या, आपुन चुकलो व्हय गं? मी आजवर कंदी चुकलीच न्हवती. चुकायला घराभाईर जावं लागतं.’’

मी तोंडात पदर कोंबला, कारण मला रडू येत होतं. आत्याचा चेहरा मात्र पार उतरला होता. ती कमरेवर हात ठेवून त्या इंजिनाच्या दिशेने उभी होती. ‘‘माजीच चूक,’’ ती म्हणाली. ‘‘ह्यो आवाज मागं न्हवता हितं.’’ एवढंच. मग लगेच शेतकऱ्याकडे वळली. ‘‘दादा, मोशीची वाट सांगा.’’

‘‘चला की, हात धरून न्हेतो.’’

‘‘हात नगं. वाट सांगा. वाट इचारू नका असं कुनी म्हनालं न्हाई आमाला.’’

हे खरं होतं. मी अट मनात घोळवून पाहिली. हात धरायचा नाही, दाखवायचं नाही. आता मोशीला जाणारा प्रत्येक माणूस वाट विचारतच जातो. मी सुटकेचा श्वास सोडला.

‘‘ह्ये असं तिकडं जायचं, आन् मंग त्या तितं वळायचं,’’ शेतकऱ्याने हात लांब करून सांगितलं.

‘‘तिकडं म्हंजी कुटं?’’

त्याचा हात हवेतच राहिला. जन्मभर ज्या वाटेने गेला ती वाट त्याला हाताशिवाय सांगता येईना. मग त्याने एक गोष्ट केली ती मी विसरणार नाही. त्याने आपले डोळे मिटले आणि मनातल्या मनात तो ती वाट चालायला लागला. ‘‘पाण्याचा पाट डाव्या अंगाला ठेवा. आवाज येतोय न्हवं? पाट सपला की चढ लागंल. चढावर बाभळी हाईत, काटं लागतील पायाला. काटं लागलं की समजायचं बराबर हाय. म्होरं गाडीवाट.’’ डोळे उघडून तो स्वतःच चकित झाल्यासारखा आमच्याकडे बघत राहिला.

चढावर काटे लागले. पैलवान प्रत्येक काट्याला ‘‘बराबर हाय’’ म्हणत होते.

मोशीचा पूल ओलांडला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पुढे सडकेशिवाय गत्यंतर नव्हतं. चौघं कडेच्या मातीत चालत होती, ट्रक आला की थांबत होती. आत्या आता बोलत नव्हती. तिच्या चालण्यात घाई होती आणि मानेवर घाम. साईं दमले होते, पण त्यांनी चहाचं नावसुद्धा काढलं नाही. मी सूर्याकडे बघत होते आणि तो मला एकटीलाच दिसत होता. दिवस किती उरला आहे हे त्यांना सांगावंसं वाटत होतं. सांगून तरी काय उपयोग होता? त्यांच्या पाठीवरचं ऊन निवत होतं, ते त्यांना माझ्याआधी कळलं असणार.

चाकणचा बाजार उठत आला होता. रिकाम्या गाड्या परत निघाल्या होत्या, आणि सगळीकडे कांद्याचा वास दाटला होता. आत्याने दुकानदारांना विचारत विचारत आडत्याचं दार गाठलं. आत कंदिलाची काच पुसणं चाललं होतं. अजून पेटला नव्हता.

आडत्या दाराशी आला. त्याने चौघांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्याची नजर बदलली. ‘‘बाई, एक गाडीवान सांगत होता, एक डोळस बाई यांना घेऊन चाललीय म्हणून. खरं सांगा. वाट कुणी दाखवली?’’

मी बोलायला तोंड उघडलं. माझ्या सांगण्यावर हा माणूस का म्हणून विश्वास ठेवील, हा प्रश्न मला त्याच क्षणी पडला. मी त्यांच्या बाजूची आहे हे माझ्या तोंडावर लिहिलेलं होतं. साक्षीदार म्हणून मी अगदीच कुचकामी होते.

‘‘त्यांना कशापायी इचारता?’’ आत्या म्हणाली. ‘‘आमाला बगा.’’

तिने लुगड्याचे काठ जरासे वर उचलले. पोटरीपर्यंत वाळलेला चिखल होता. पैलवानांनी दोन्ही हात पुढे केले, त्यांच्यावर उसाच्या पानांचे ओरखडे होते. साईं तर मागच्या बाजूने पूर्ण मातीचे झाले होते. ते सावकाश वळून उभे राहिले.

‘‘आमी चुकलो,’’ आत्या म्हणाली. ‘‘म्या चुकवलं. मोशीची गिरणी समजून नदीच्या उसात शिरलो. आता तुमीच सांगा शेट, डोळ्याचं माणूस वाट दावत असतं तर आमी उसात ग्येलो असतो का?’’

आडत्या तिच्या पायांकडे बघत राहिला. मग त्याने मला विचारलं, पण आता आवाज निराळा होता. ‘‘खरंच चुकले होते?’’

‘‘पार चुकले होते,’’ मी म्हणाले. दिवसभरातले ते माझे पहिले शब्द, आणि ते मी इतक्या अभिमानाने म्हणाले की तो हसायलाच लागला. हसत हसत त्याने कनवटीची किल्ली काढून आत्याच्या हातावर ठेवली.

वखार मागच्या बाजूला होती. दार उघडताच आत्याने टाळी वाजवली आणि कान दिला. ‘‘मोटी हाय,’’ ती हळूच म्हणाली. पण दोर वळायला किती लांब आहे ते टाळीवरून नेमकं कळत नव्हतं. तिने नाडा सोडायला सांगितला. पैलवान एक टोक घेऊन अंधाराकडे चालत गेले. दुसरं टोक आत्याच्या हातात होतं. ती क्षणभर थांबली, आणि मग ते तिने माझ्या दिशेने पुढे केलं.

‘‘बाई, धरा आता.’’

मी धरलं. दोर घामाने ओला होता, गाठीपाशी चार हातांचा मळ बसला होता. पलीकडून पैलवान ओढत होते आणि मी पाय रोवून उभी होते. आत्या दोरावरून हात फिरवत या भिंतीपासून त्या भिंतीकडे चालत गेली, सावकाश, एकेक गाठ मोजत. तिथून तिचा आवाज आला.

‘‘पुरतंय गं. समद्यांना पुरतंय.’’